एकोणीस जणी

"झालं का हो सिस्टर?" टेबलावर झोपलेल्या इस्त्रीवालीने छताकडे बघत विचारलं.

सिस्टरांच्या एका हातात टॉर्च होता, दुसऱ्या हातातल्या चिमट्यात ओला कापूस. कापूस लावायचा, घड्याळात एक मिनिट मोजायचं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी पांढरा डाग उमटतो का ते बघायचं, एवढीच ती कॅन्सरची तपासणी. मोठं यंत्र लागत नाही, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पाण्यात मोजून घातलेलं अ‍ॅसिड, म्हणजे घरातल्या व्हिनेगरसारखंच, आणि बघणारे डोळे. अकरा वर्षांत सिस्टरांनी हजारो बायका अशा तपासल्या होत्या.

आज मात्र त्यांना वास येत नव्हता. दोन दिवस सर्दीने चोंदलेलं नाक तासाभरापूर्वी मोकळं झालं होतं. शिवणकारखान्याच्या त्या कोठारात कोऱ्या कापडाचा वास येत होता, मशीनच्या तेलाचा येत होता. बाटलीचा येत नव्हता. त्यांनी हातमोजा काढला, बाटलीतले दोन थेंब बोटावर घेतले आणि जिभेला लावले.

पाणी. नुसतं पाणी.

"पडून राहा गं. तुझं पुन्हा करते," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

नवीन मिश्रण करताना त्यांना सगळं आठवलं. काल जेवणानंतर धुतलेल्या बाटलीत त्यांनी आधी पाणी ओतलं होतं. आता अ‍ॅसिड घालायचं, तेवढ्यात कारखान्याच्या मुकादमबाईंनी दारातून हाक मारली: बायका रांगेतून काढता पाय घेतायत, आधी या बघू! सिस्टर गेल्या, सगळ्यांची समजूत काढली, परत आल्या आणि बाटलीला झाकण लावलं.

इस्त्रीवालीची तपासणी नीट झाली. डाग नव्हता. ती गेल्यावर सिस्टरांनी वही उघडली. काल दुपारनंतरच्या चौदा, आज सकाळच्या पाच. एकोणीस जणी. प्रत्येकीपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: डाग नाही, तीन वर्षांनी यावे.

त्यांनी शिबिराच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कोणाकोणाला कळलंय हे?" डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.

"मला कळलंय."

"सिस्टर, तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. लेखी आलं तर मला वर पाठवावंच लागेल. उगाच बोभाटा कशाला? पुढच्या फेरीत बघू ना."

"पुढची फेरी तीन वर्षांनी आहे, डॉक्टर."

"अहो, एकोणीस जणींत सापडून सापडून किती सापडणार? एखादी."

"ती एखादी कोण, ते मला माहीत नाही ना."

डॉक्टर म्हणाले, "बरं, शिबिराची गाडी संध्याकाळी सहाला निघेल. तोवर काय करायचं ते करा."

मुकादमबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "हातापाया पडून आणल्या होत्या मी त्यांना! आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मशीन बंद करा, मी सांगते."

चाळीस मशिनं एकदम थांबली. सिस्टर मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. "काल दुपारपासून माझ्या बाटलीत औषधच नव्हतं, नुसतं पाणी होतं. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. ज्यांना मी सगळं ठीक आहे म्हणाले, त्यांचं ठीक आहे की नाही हे मला खरं तर माहीत नाही. पुन्हा यावं लागेल."

मागून एक कॉलरवाली कडाडली, "सिनेमा आहे का, पुन्हा पुन्हा बघायला?" हशा पिकला. त्या हशात रागही होता. दुसरी म्हणाली, "उद्या म्हणाल, हेही चुकलं." सिस्टर कोठाराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी कॉलरवालीच पहिली आली. "लवकर आटपा," ती गुरकावली, "माझं काम पडलंय."

साडेचारपर्यंत अठरा जणी झाल्या. एकीलाही डाग नव्हता. उरली एक बटणवाली. ती आज कामावर आलीच नव्हती.

तिचं घर कारखान्यामागच्या गल्लीत होतं. मुकादमबाईंनी दार वाजवलं. बटणवालीने हसत दार उघडलं. चौतीस-पस्तिशीची, सडपातळ, केस नुकतेच धुतलेले. मागे तिची मुलगी जमिनीवर पसरून चित्र रंगवत होती.

सिस्टरांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. बटणवालीचं हसू हळूहळू उतरलं.

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं स्वच्छ आहे म्हणून?"

"म्हणाले."

"माझी आई याच रोगाने गेली. महिनाभर मी तपासणीच्या भीतीने धड जेवले नव्हते. काल घरी आले आणि हिला उचलून नाचले, सिस्टर. आज सुट्टी काढली, दोघी फिरायला जाणार होतो." तिचा आवाज चढला. "आणि आता तुम्ही म्हणता, ते तसं नव्हतंच?"

"काल मी तुला सांगितलं ते खोटं निघालं. मुद्दाम नव्हतं, पण खोटंच. ते परत घ्यायला आलेय."

दार धाडकन बंद झालं.

मुकादमबाई म्हणाल्या, "चला, आता काही ती येत नाही." सिस्टर पायरीवर बसल्या. पाच वाजले. सव्वापाचला गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्यांनी तो कट केला. आतून मुलीचा आवाज येत होता, आई, जायचं ना गं? साडेपाचला दार उघडलं. बटणवालीने मुलीला मुकादमबाईंच्या हाती दिलं आणि सिस्टरांकडे न बघता पुढे चालू लागली.

टेबलावर तिने डोळे घट्ट मिटून घेतले. सिस्टरांनी कापूस लावला आणि घड्याळाकडे बघितलं. वीस सेकंद. चाळीस. साठ. त्यांनी टॉर्च जवळ नेला.

पांढरा डाग. कडा ठळक, आणि एक टोक आतल्या बाजूला गेलेलं. थंड वायूने जागच्या जागी गोठवून टाकता येतात, त्यातला हा नव्हता.

"दिसला ना?" बटणवालीने डोळे न उघडताच विचारलं.

"दिसला. हा कॅन्सरच आहे असं नाही. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला हवा. मी येते तुझ्याबरोबर."

त्यानंतर तीन आठवडे बटणवाली सिस्टरांशी बोललीच नाही. पहिल्या भेटीला सिस्टर बरोबर गेल्या, रिपोर्ट आणायलाही गेल्या, ती गप्प. रिपोर्टात निघालं, रोग आत शिरायच्या आधीची पायरी. तेवढाच भाग विजेच्या बारीक तारेने कापून काढला की पुरे, दुपारी घरी. आणखी तीन वर्षं गेली असती तर काय झालं असतं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि दोघींपैकी कोणी विचारलंही नाही.

दरम्यान चुकीची कबुली लिहिलेला सिस्टरांचा कागद वर गेला होता आणि उत्तरही आलं होतं. शिबिरांवरून त्यांना काढलं. आता उरलेले महिने कार्यालयात बसून लसींच्या नोंदी ठेवायच्या. त्यांनी सही करून कागद परत दिला.

तारेच्या उपचाराच्या दिवशी त्या अर्ध्या दिवसाची रजा काढून दवाखान्यात आल्या. बटणवालीचा नवरा तिला सोडून कामावर गेला होता. ती बाकावर एकटीच बसली होती. सिस्टर शेजारी टेकल्या. त्यांचा गणवेश बघून वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आत बसा की. इथे पेशंट बसतात."

"इथेच बरी आहे," सिस्टर म्हणाल्या.

आतून हाक आली, "अकरा नंबर! अंगावर काही धातूचं असेल तर काढून ठेवा."

बटणवाली उठली. ती कानातल्या रिंगा काढू लागली. एक रिंग काही केल्या निघेना. सिस्टर मदतीला हात पुढे करणार, तोच रिंग सुटली. तिने इकडेतिकडे बघितलं. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. क्षणभर ती तशीच मूठ आवळून उभी राहिली. मग तिने सिस्टरांचा हात धरून उताणा केला आणि तळव्यावर दोन्ही रिंगा ठेवल्या.

"दोन आहेत," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."

सिस्टरांनी चष्मा सारखा केला आणि दोन्ही रिंगा एकेक करून, उजेडाकडे धरून, नीट बघून घेतल्या.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या.

बटणवाली आत गेली. सिस्टरांनी मूठ मिटली आणि ती दुसऱ्या हातात धरून त्या बसून राहिल्या.