काळ्या रिंगेची जुडी

रंगूबाईची कोथिंबिरीची जुडी बाजारात लांबून ओळखू यायची. केळीच्या सोपट्याचे, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचे दोन वेढे आणि वर उलटी गाठ. ही गाठ तिला सासूनं शिकवली होती आणि तिनं ती आपल्या लेकीला, भाग्यश्रीला शिकवली. माळ्याच्या घरात सोनंनाणं असो नसो, असल्या गाठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

जुडी बांधली की ती नदीत धुवायची. नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणतात ते शाळेच्या पुस्तकात. एरवी ती सगळ्यांची गंगा. रंगूबाईचा मळा शहराच्या खालच्या अंगाला, अगदी गंगेच्या काठाला. पाण्यात उतरण्याआधी ती ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची, पाय लागतो म्हणून माफी मागायची आणि मग एकेक जुडी खळबळून काढायची. न धुतलेली भाजी विकणं म्हणजे पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढणं, असं तिचं ठाम मत. एक्क्याण्णवच्या सिंहस्थात हे पाणी इतकं नितळ होतं, की पायाच्या बोटांशी घुटमळणारे मासे दिसायचे.

पुढं शहर हातपाय पसरत गेलं आणि त्याची सगळी घाण गंगेनं पोटात घेतली. आधी फेस आला, मग वास, मग पाणवेलीनं पात्रच झाकून टाकलं. रंगूबाई काठीनं पाणवेल बाजूला सारायची, नेमानं पाणी डोळ्यांना लावायची आणि त्याच काळ्या पाण्यात जुड्या धुवायची. घरात याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. फक्त विहिरीजवळ घरापुरता एक वाफा तयार झाला आणि मळ्यातली भाजी चुलीवर चढेनाशी झाली. हे असं का, ते ना तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं विचारलं, ना मुलानं, महेशनं. सोयीचं असलं की माणसं कशी छान मुकी होतात! शहरात, सिडको वसाहतीत दिलेली भाग्यश्री माहेरी आली की जाताना तिच्या पिशवीत वाफ्यातलीच भाजी जायची. तिचा समज असा, की सगळा मळाच आता विहिरीच्या पाण्यावर आहे.

पुढचा सिंहस्थ होऊन गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी भाग्यश्रीची पाच वर्षांची सृष्टी काविळीनं दवाखान्यात पडली. रंगूबाई धावत गेली. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले.

"डॉक्टर विचारतात, बाहेरचं काय खाल्लं," भाग्यश्री रडत म्हणाली. "मी म्हटलं, काही नाही. भाजीसुद्धा माझ्या आईच्या मळ्यातली. अख्खा बाजार फिरते, तुझी गाठ दिसली तरच जुडी घेते. ही तर कोथिंबीर कच्चीच खाते."

खरं काय ते सांगावं, असं रंगूबाईच्या जिभेवर आलं. पण लेकीच्या चेहऱ्याकडं बघून तिनं ते गिळलं आणि नातीच्या पायावरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं सोपट्याला हात लावला नाही. महेश अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होता. तिथल्या टाकाऊ रबरी रिंगांची पिशवी त्यानं कधीतरी घरी आणून टाकली होती. काळ्या, जाड रिंगा. रंगूबाई जुड्यांना त्याच चढवू लागली. गाठच दिसली नाही तर लेक आपली जुडी घेणार नाही, एवढाच तिचा हिशेब. बाकीच्यांच्या लेकीबाळी तिच्या मनातच आल्या नाहीत, असं नाही. आल्या, तिनं त्यांना बाजूला सारलं, पाणवेल सारावी तसं.

सृष्टी बरी होऊन घरी आली, तेव्हा रंगूबाई वाफ्यातली भाजी घेऊन तिला बघायला गेली. स्वयंपाकघरात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी. जुडीला काळी, जाड रिंग.

"तुझी गाठ कुठं दिसेचना," भाग्यश्री म्हणाली. "ही त्यातल्या त्यात ताजी वाटली. कशी स्वच्छ धुतलेली आहे बघ."

सृष्टीच्या हातात एक काडी होती आणि ती तोंडात घालणारच होती. रंगूबाईनं झडप घालून ती हिसकावली. पोरगी भेदरून रडायला लागली.

"अगं आई! कोणाची आहे ती, एवढं काय झालं?"

"माझीच हाय," रंगूबाई म्हणाली. "गंगेत धुतलेली. मागचीबी तसलीच व्हती. आम्ही नाय खात ती."

मग तिनं सगळं सांगितलं, वाफ्याचं आणि रिंगांचंही. भाग्यश्रीनं जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि सृष्टीला बेसिनपाशी नेऊन खसाखसा हात धुवून दिले. आईकडं तिनं मान वर करून पाहिलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं रंगूबाईला परतताना सारखं वाटत राहिलं.

सकाळी पुंजाराम जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन काठाशी आला, तेव्हा रंगूबाई आधीच पाण्याशी बसली होती. तिनं ओंजळ भरली, डोळ्यांपर्यंत नेली आणि तिचे हात तिथंच थांबले. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं.

"चल, आटप. टेम्पो यायचाय," पुंजाराम म्हणाला.

"आजपास्नं धुणं बंद. कोथिंबीरच बंद. नांगर घाला तिच्यावर, झेंडू लावू."

"येड लागलं का? उभं पीक हाय! अन् जलमभर तर हितंच धुतली आपण."

"तवा गंगा धडधाकट व्हती." रंगूबाईचा आवाज फुटला. "आजारी आईला कोणी कामाला लावतं का वो? आपण लावलं. ती हातरुणाला खिळली, तरी आपण तिच्याकडनं जुड्या धुवून घेतल्या."

ती पदरात तोंड खुपसून रडत राहिली. पुंजारामनं पाटी पाण्यापासून लांब, बांधावर हळूच खाली उतरवली.