आसुडाचा पडताळा

दुसरबीडजवळच्या मठात मुंगी शिरायला जागा नव्हती. रांगेत दारू सोडलेले नवरे आणि प्रत्येकाच्या मागं बाटली घेतलेली बायको. बाटलीतलं तीर्थ मठातूनच विकत घ्यायचं, बायकोनं घरी रोज आणि मठात फटक्याआधी स्वतःच्या हातानं पाजायचं, मग महाराज उघड्या पाठीवर आसूड ओढणार. ज्याची दारू खरंच सुटली त्याला मार लागत नाही, असा महाराजांचा पडताळा! आणि काय सांगावं, फटके खाऊन माणसं खदाखदा हसत. वर बक्षिसाचा एक पेढा मिळाला की लॉटरी लागल्यागत रडत.

"देवानं कातडं बदललं रे याचं! बोला, जय!" महाराज गरजत.

पोळ्यापासून दीपमालाही हा जयघोष करत होती. नवरा राजकुमार गुत्त्यावर जाईना, यापरतं सुख कोणतं? तोंडाला वास यायचा, पण तो लवंग-वेलचीचा. शेजारच्या दोघींना तिनंच मठात आणलं होतं.

परवा दाढ ठणकली म्हणून तिनं तेच तीर्थ भांडंभर घेतलं. ठणका गेला, धाक गेला, आणि सासऱ्यांसमोर ती फिदीफिदी हसत सुटली. भानावर आली तशी बाटली घेऊन डॉक्टर पूनमकडे धावली. डॉक्टरांनी चमचाभर तीर्थ गरम करून काडी लावली. भपकन निळी ज्योत उठली.

"दारू आहे ही. चढली की मार बोथट होतो, शिक्षेची भीती मरते आणि एवढंसं बक्षीस डोंगराएवढं वाटतं. यात देव कुठं आला?"

म्हणून आज दीपमालाच्या बाटलीत लवंग-वेलची घातलेलं हापशाचं पाणी होतं.

राजकुमारनं घोट घेतला अन् दचकून तिच्याकडे पाहिलं. मग बाटली संपवून पाठ उघडी केली. आज दारू कुठंय, असं कोणत्या तोंडानं विचारणार? त्या नजरेनं दीपमालाच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे हा सगळं जाणून होता!

आसूड बसला.

"अगं माय, मेलो!" राजकुमार बोंबलला.

"पापी! चोरून पिऊन आला!" महाराजांनी बोट रोखलं.

"दारू पेला नाही म्हणूनच बोंबलला, महाराज!" दीपमाला कडाडली. "आज पानी पाजलं मी त्याले. रोज तुमची दारू पाजत होती! हुंगा वो बायांनो आपापल्या बाटल्या!"

शेजारच्या भिमाबाईनं घोट घेतला आणि थू करून टाकला. दीपमालासोबत आलेल्या डॉक्टर पूनम गर्दीला सारं समजावून सांगेस्तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

"तुमाले कधी कयलं?" दीपमालानं नवऱ्याला विचारलं.

"पयल्याच दिवशी," तो खाली मान घालून म्हणाला.

"अन् मी देवाचं नाव घेऊन पाजत राह्यली!" तिला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसून ती बायांकडे वळली. "उद्या मी याले दवाखान्यात नेतो, तुमीही चला. अन् मार खाऊन मानूस हासला, तर जय म्हनू नका वो. त्याले लागत काऊन नाही, हे आधी इचारा."