टाचेतला सुटलेला टाका

मी मोज्यांची मशीन बोलतेय. जरा लांबूनच ऐका. दांड्याला हात लावायची काही गरज नाही. तुम्ही कोण, कशाला आलात, ते मला अजून कळलेलं नाही, आणि अनोळखी हात जवळ आला की माझ्या बहात्तरच्या बहात्तर सुया सावध होतात.

हो, संशयी आहे मी. तशी घडवली गेले नव्हते, तशी झाले. ज्या घरात आयुष्य काढलं त्या घराचं पाणी लागलं म्हणा.

दिसायला मी साधी आहे. ओतीव लोखंडाची, टेबलाच्या कडेला दोन स्क्रूंनी आवळलेली. मधोमध उभं नळकांडं, त्याच्या भोवती खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक सुई. सुईच्या टोकाला आकडा असतो आणि आकड्याखाली उघडझाप करणारी इवलीशी जीभ. ती जीभ वेळेवर उघडली आणि वेळेवर मिटली की टाका पडतो. दांडा एकदा फिरवला की धागा सगळ्या सुयांना भेटून येतो आणि मोजा एका फेऱ्याने वाढून नळकांड्याच्या पोटातून खाली उतरतो. त्याला खालून वजन लटकवायचं, नाहीतर टाके वर चढून बसतात.

माझी पहिली मालकीण म्हणजे आताच्या सासूबाईंची सासू. काम संपलं की ती मला कापडानं झाकायची आणि वरून दोरी बांधायची. गाठ तिची स्वतःची होती, दुसऱ्या कुणाला जमणार नाही अशी. सकाळी उठून चहाच्या आधी ती गाठ तपासायची. तिची सून अकरा वर्षं माझ्याभोवतीची जमीन पुसत राहिली. एकदा, एकदाच, तिनं कापड उचलून दांडा अर्धा फिरवला. गाठ पुन्हा बांधली, पण ती वेगळी दिसली. मग घरात महिनाभर जे काही चाललं ते मी या टेबलावरून ऐकलं आहे. अर्ध्या फेऱ्यासाठी! विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की बाई, मला शिकायचंय. पण विचारायचं कुणी?

पुढे म्हातारीचे हात थरथरायला लागले आणि मी सुनेकडे आले. तिनं पहिल्याच दिवशी ती दोरी चुलीत घातली. मला वाटलं, सुटले. आता या खोलीत कुणी कुणावर पहारा ठेवणार नाही.

वर्षं गेली. ती सून सासूबाई झाली, गल्लीतली माणसं तिला मोजेआजी म्हणू लागली, आणि घरात नवी सून आली.

सासूबाईंचे गुडघे एव्हाना कुरकुरायला लागले होते. मोज्याची नळी आणि पाऊल विणताना नुसतं बसून दांडा फिरवायचा असतो, ते त्यांना जमायचं. टाच मात्र अवघड. टाचेच्या वेळी मागच्या छत्तीस सुया उचलून कामातून बाजूला काढायच्या, पुढच्या छत्तीस सुयांवर दांडा पुढे-मागे, पुढे-मागे करायचा, आणि दर ओळीला टेबलाखाली वाकून वजन वर सरकवायचं. तेव्हा कुठे कापड वळतं आणि टाच बसते. ते वाकणं गुडघ्यांना सोसेना. म्हणून वाटणी झाली. सासूबाई नळी विणायच्या, मग हाक मारायच्या, "अगं, टाच आली गं!" सून हातातलं काम टाकून यायची, स्टुलावर बसायची, टाच वळायची आणि उठायची. पाऊल पुन्हा सासूबाईंचं.

एक दिवस सून म्हणाली, "आई, मला वरपासून खालपर्यंत पूर्ण मोजा शिकवा ना."

"टाच येते ना? पुरे झालं. सगळं शिकलीस तर मी काय भिंतीकडे बघत बसू?"

सून हसली. पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मी टिपून ठेवलं.

आमचे मोजे पायांच्या दवाखान्यात जायचे. तिथल्या रुग्णांच्या पायांना काही जाणवत नाही. मोज्यात गाठ असली, भोक असलं, तर तुम्हा-आम्हाला टोचेल. त्यांना टोचत नाही, सरळ जखम होते. म्हणून तिथली नर्स दर शनिवारी येऊन एकेक मोजा आतून हात घालून तपासायची. सुटलेला टाका तिथे चालत नाही. शिवलेला तर त्याहून नाही.

आता दुपारचं ऐका. सासूबाई जेवून आडव्या झाल्या की सून दबक्या पावलांनी यायची. दारावर एक डोळा ठेवून माझा दांडा फिरवायची. नळी विणायची, टाच वळायची, पाऊल विणायची. आणि मग सगळं उसवून धागा पुन्हा गुंडाळून ठेवायची. विणते काय, उसवते काय! मला ते अजिबात आवडलं नाही. ज्या हाताला उघड्यावर यायची लाज वाटते तो हात आणखी काय करेल याचा नेम नाही, असं माझं मत झालं.

सासूबाईंनाही कुणकुण लागली. धागा धरणारा माझा हात त्या जेवणाआधी जिथे ठेवत तिथे नसायचा. चार सुया इकडे, सहा सुया तिकडे. एका सकाळी सून बाजारात गेली तेव्हा त्यांनी सुनेच्याच कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि पुढच्या अर्ध्यातल्या एका सुईच्या टोकापाशी ठिपका दिला. जेवायला उठताना धाग्याचा हात बरोबर त्या लाल सुईसमोर आणून ठेवायचा. परत आल्यावर तो तिथे नसला, की चोर पकडला!

मला काय वाटलं म्हणता? खरं सांगते, बरं वाटलं. चला, म्हटलं, कुणीतरी लक्ष ठेवतंय.

चोर रोज सापडत होता. तरी सासूबाई गप्पच. पुरावा साठवत होत्या.

आणि मग टाचेत भोक पडलं.

पहिल्या मोज्याला वाटलं, होतं कधीकधी. दुसऱ्यालाही पडलं, त्याच जागी. चौथ्या मोज्याच्या वेळी सासूबाईंनी तो मुठीवर चढवला आणि टाचेतून बोट बाहेर काढून सुनेच्या तोंडासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"टाका सुटलाय."

"ते दिसतंय मला. सुटलाय की सोडलास?"

"आई! मी कशाला सोडीन?"

"नळी माझी, पाऊल माझं. दोन्हीकडे एक टाका इकडचा तिकडे नाही. टाच तेवढी तुझी, आणि भोक टाचेतच. मी आडवी झाले की दुपारी इथे काय चालतं तुझं?"

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. झालं! मीही मनात निकाल देऊन मोकळी झाले. हिनंच केलं. पूर्ण मोजा शिकवत नाहीत म्हणून डूख धरला आणि टाचेत सूड उगवला.

मुलगा कामावरून आला, त्याला दोघींची तोंडं दोन दिशांना दिसली. तो म्हणाला, "एवढंसं तर भोक आहे. शिवून टाका ना."

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या आठवड्यात दोघींचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

शनिवारी नर्सनं सहा मोजे परत केले. सासूबाईंनी सुनेच्या देखत सांगितलं, "टाच मी वळत नाही हो. हिचा हात आहे." नर्सनं सुनेकडे पाहिलं. सून परत आलेले मोजे उचलून आत गेली. संध्याकाळी तिनं पिशवी भरली आणि माहेरी निघून गेली. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाली, "ज्या घरात माझ्या हातावर विश्वास नाही, तिथे मी हातानं काय काय करायचं?"

मला सुईच्या टोकाएवढंही वाईट वाटलं नाही. सांगतेय ना, अशी होते मी.

सोमवारी सासूबाई एकट्या बसल्या. नळी झाली. सवयीनं हाक गेली, "अगं, टाच आ..." पुढचं तोंडातच राहिलं. मग त्यांनी पदर खोचला, मागच्या सुया उचलल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतः टाच वळायला घेतली. दर ओळीला वाकायच्या, कण्हायच्या, वजन सरकवायच्या. टाच झाली. मोठ्या तोऱ्यात त्यांनी मोजा मुठीवर चढवला.

भोक. त्याच जागी.

त्यांनी चष्मा पुसला. भोकावरून नजर वर नेत नेत सुईपर्यंत आल्या. मग नखानं एकेका सुईची जीभ उघडून पाहिली. टिक, टिक, टिक. एकच जीभ हलेना. लाल ठिपक्याची.

नेलपॉलिश जिभेच्या सांध्यात उतरून वाळलं होतं. गोल फिरताना वजनाच्या ओढीनं ती जीभ कशीबशी उघडायची. टाचेला दांडा उलटा फिरला की अडकून बसायची आणि टाका सोडायची. तुम्ही म्हणाल, सुई तुझी, मग तुला कसं कळलं नाही? तुमच्या पाठीवर कुणी ठिपका दिला तर तुम्हाला दिसतो का? आणि खरं सांगू? मी बघतच नव्हते. माझे सगळे डोळे सुनेच्या हातांवर होते.

सासूबाईंनी दांडा सोडला. माझ्याकडे अशा पाहत होत्या, जशी काही मी आता उठून गल्लीभर सांगत सुटणार आहे. मग ती सुई उपसून त्यांनी कागदात गुंडाळली, बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या आणि नवी सुई बसवली. पुढची टाच झाली ती अगदी घोटीव. त्यापुढचीही.

आता मी त्यांच्यावर नजर ठेवली. कारण हिशोब सरळ होता. सून गेली आणि टाच सुधारली. कुणीही हेच म्हणणार की दोष सुनेचा होता. सासूबाईंनी खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं. आणि गप्प राहणं या घराला कोण शिकवणार? मंगळवार गेला, बुधवार गेला. मुलगा विचारायचा, "तिला आणू का?" त्या म्हणायच्या, "बघू."

शनिवारी नर्स आली. एकेका मोज्यात हात घातला. "वा, आजी! हात बदलला आणि टाच सुधारली बघा. मला तेव्हाच वाटलं होतं, सून लक्ष देत नसणार."

तेवढ्यात दारात सावली पडली. सून राहिलेले कपडे न्यायला आली होती. तिनं ते वाक्य पुरतं ऐकलं. ती आतल्या खोलीकडे वळली.

सासूबाईंच्या हातातला धागा थांबला. मी म्हटलं, आता ही मान डोलावणार. पैज लावली असती मी.

"हात नाही बदलला," सासूबाई म्हणाल्या. "सुई बदलली."

"म्हणजे?"

"सुई मी बिघडवली होती. हिला पकडायला खूण केली आणि जीभ चिकटवून बसले. हिच्या हातात खोट नव्हती. तुमच्यासमोर मी हिचं नाव घेतलं, म्हणून तुमच्यासमोरच सांगते."

सून आतल्या दारात थबकली. "कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"आज शनिवार आहे, आई."

"लाज वाटली गं."

"तुम्हाला लाज वाटली म्हणून मी पाच दिवस तिकडे चोर होऊन बसले." ती दारातून पुढे आली. "आणि दुपारी मी काय करत होते, ते आज तरी विचाराल?"

"काय करत होतीस?"

"पूर्ण मोजा शिकत होते. तुमचा धागा वाया जाऊ नये म्हणून उसवून ठेवत होते."

"मग सांगायचंस ना!"

"विचारायचंत ना!"

नर्सनं पिशवी छातीशी धरली. "मी... पुढच्या शनिवारी येते," म्हणाली आणि सटकली.

मग सासूबाई गुडघ्यावर हात टेकून स्टुलावरून उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. स्टूल रिकामं झालं. सून लगेच बसली नाही. आधी तिनं कपड्यांसाठी आणलेली पिशवी उघडली, पुन्हा बंद केली, आणि मग म्हणाली, "वरची पट्टी किती फेऱ्यांची घालता?"

"तीस. पण तू मोजत बसू नकोस, मी मोजते."

"नाही. मी मोजणार."

त्याला आता चार महिने झाले. दांडा सुनेच्या हाती असतो. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून मोज्यांची टोकं हातानं बंद करतात आणि अधूनमधून नको तिथे सल्ला देतात. दोघींचं गूळपीठ झालेलं नाही. सून अजून कधीतरी त्या पाच दिवसांचा विषय काढते, आणि सासूबाई मान खाली घालून ऐकून घेतात.

मी मात्र तिची माफी मागू शकत नाही. मीही तिला गुन्हेगार ठरवलं होतं, तेही स्वतःच्या सुईचा दोष तिच्यावर घालून. लोखंडाला बोलता येतं ते तुमच्याशी, तिच्याशी नाही. तिला द्यायला माझ्याकडे फक्त धड टाच आहे.

ती प्रत्येक टाच खिडकीच्या उजेडात धरून बघते, ताणून बघते, आत बोट फिरवते. माझ्यावर तिचा विश्वास अजून बसलेला नाही. का बसावा? पण ती बघते ते माझ्यासमोर, भर दिवसा, आणि काही खुपलं तर शेजारच्या खुर्चीला लगेच सांगते, "आई, ही सुई बघा जरा, मला शंका येतेय." तुमच्याही घरात कुणावर शंका असेल, तर कृपा करून एवढंच करा. ती मनात मुरवू नका, खुणा करू नका. तोंडावर विचारा. आजच विचारा.

आज सकाळपासून सात मोजे झाले. आठव्याची टाच आता वळतेय. सरका जरा बाजूला, तिच्या उजेडात उभे आहात तुम्ही.