ब्रेकर्सच्या कॅचरचा हातमोजा

सबोलांच्या घरी धाकटी हांका जन्मली आणि रविवारच्या सामन्यामुळे तिचा बाप्तिस्मा आठवडाभर पुढे ढकलला गेला, ते साल एकोणीसशे अठ्ठावीस. त्या बाप्तिस्म्याला मुलीचा मामा मिकुलाश पिट्सबर्गहून आला, तो मला तपकिरी कागदात गुंडाळून घेऊन. भाचीसाठी चांदीचा चमचा आणायचा, तर हा मेहुण्यासाठी चामड्याचा हातमोजा घेऊन आला. मुलीची आई झुझका म्हणाली, "बाप्तिस्मा कुणाचा आहे रे? पोरीचा की पोरीच्या बापाचा?"

"पोरीला अजून दात नाहीत, ती चमचा घेऊन काय करणार?" मामा म्हणाला. "बापाची बोटं मात्र अजून थोडी शिल्लक आहेत. तेवढी तरी राहू देत."

मित्रांनो, तोच मी. मी एक जुना हातमोजा आहे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसून तो चेंडू झेलणाऱ्याला कॅचर. मी कॅचरचा. म्हणून मी इतर मोज्यांसारखा सडपातळ नाही. मला बोटं नाहीत, नुसता अंगठा आहे. मी गोल आणि जाडजूड आहे, एखाद्या भाकरीच्या गोळ्यासारखा. गाईच्या कातड्यात लोकरीचा नमदा ठासून मला शिवलं तेव्हा मी इतका कडक होतो की चेंडू माझ्यावर आदळून परत जायचा. माझा मालक स्टेफन सबोल रोज रात्री मला हंसाची चरबी चोळायचा, मध्ये एक चेंडू ठेवायचा, सुतळीने आवळून बांधायचा आणि गादीखाली घालून झोपायचा.

"एवढी मालिश माझ्या गुडघ्यांना केली असतीस तर मी नाचले असते," झुझका म्हणायची.

"तुझ्या गुडघ्यांवर काझचा चेंडू येणार आहे का?" स्टेफन विचारायचा. काझ म्हणजे आमच्या संघाचा पिचर.

आमचं गाव मिलर्स गॅप. गावात सगळे खाणीत जाणारे. स्टेफन खाणीत लाकडाचे टेकू लावायचा. गावावर कोळसा फोडायची उंच काळी इमारत उभी होती. तिला ब्रेकर म्हणत, म्हणून आमचा संघही ब्रेकर्स. मैदान खाणीतल्या काळ्या चुऱ्यावर रूळ फिरवून केलेलं. पांढरा चेंडू तिथे दोन इनिंगमध्ये राखाडी व्हायचा. पाहुणे संघ नाक मुरडायचे. पण मित्रांनो, त्या काळ्या मैदानावर मी जे पाहिलं ते कुठल्या हिरवळीवर घडलं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मैदानावर आठ जण एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. कॅचर एकटाच त्यांच्याकडे तोंड करून बसतो. त्यामुळे प्रत्येकाचा चेहरा मला समोरून दिसायचा. पाच वर्षं लागोपाठ आम्ही खोऱ्यातलं अजिंक्यपद घेतलं, आणि ती पाचही वर्षं मी समोरून पाहिली.

लेऑन वोयतास बॅट घेऊन उभा राहिला की पलीकडच्या रुळांवरचे गाडीवालेही थांबायचे. एकदा त्याने मारलेला चेंडू कुंपणावरून गेला, राखेच्या ढिगावरून गेला आणि चालत्या मालगाडीच्या डब्यात पडला. गाडी फिलाडेल्फियाला चालली होती. तो चेंडू किती लांब गेला यावर गावात अजून एकमत नाही. धावणाऱ्याला ओळीने चार ठाणी गाठायची असतात; डेनी टिअर्नी त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या मध्ये उभा राहायचा. जमिनीलगत येणारा चेंडू त्याच्या हाती लागला हे कळायच्या आत चेंडू पहिल्या ठाण्यावर पोचलेला असायचा. मांजर दूध पिताना जसं नजर वर करत नाही, तसा डेनी चेंडू उचलताना दिसायचा.

आणि काझ नॉर्कस. लिथुआनियातून आलेल्यांचा हा उंच मुलगा. त्याचा बाप आणि भाऊ एकाच दिवशी खाणीत कोसळलेल्या छताखाली गेले. काझ उजव्या हाताने चेंडू टाकायचा. तो येताना नीट दिसायचाच नाही, ऐकू यायचा. माझ्यात येऊन बसला की होणारा आवाज चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जायचा. त्याचा एक चेंडू होता, तो फलंदाजाच्या कमरेपर्यंत सरळ यायचा आणि मग खालची फळी काढून घ्यावी तसा पडायचा. मोठमोठे फलंदाज बॅट फिरवून गुडघ्यावर यायचे आणि मागे वळून मलाच बघायचे. मी कातड्याचा, पण तो चेंडू येताना दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. पाच वर्षांत त्याची सवय झाली नाही.

शनिवारी संध्याकाळी हे सगळं मार्केत्तीच्या केशकर्तनालयात पुन्हा खेळलं जायचं. गुइदो मार्केत्तीने एक प्रथा पाडली होती. दाढीच्या साबणाने तो आरशावर संघातल्या पाच खेळाडूंची नावं लिहायचा, वरून खाली, मोठा आधी. गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड बघायचं असेल तर त्या नावांच्या मधून बघावं लागायचं. मी खुंटीवर लटकून ऐकायचो.

"वोयतास पहिला," एक जण म्हणायचा. "चेंडू दुसऱ्या गावाला पाठवतो."

"आणि धावताना? माझी सासू त्याच्या पुढे जाईल."

"काझ आठवड्यातून एकदाच खेळतो. डेनी रोज खेळतो."

"डेनी रोज पितोही."

"गुइदो, खालच्या ओळीत या स्टेफनला तरी लिही, बिचारा इथेच बसलाय."

मार्केत्ती वस्तरा पुसत म्हणायचा, "सबोल? तो उकिडवा बसतो. कोंबडीही बसते." सगळे हसायचे. स्टेफनही फेसाच्या आतून हसायचा. मला मात्र राग यायचा. काझने कुठला चेंडू टाकायचा ते गुडघ्यांमध्ये बोटांनी खुणावून सांगणारा तोच होता. पण खुणा दिसतात फक्त पिचरला आणि मला.

चौतीस सालच्या सप्टेंबरात आम्ही सहाव्यांदा अंतिम सामन्यात पोचलो. त्याच आठवड्यात बोस्टनच्या मोठ्या संघाचा माणूस येऊन काझला सांगून गेला होता, वसंतात ये, हात असाच राहिला तर जागा आहे. खाणीतून वर यायचा काझपुढे तेवढा एकच रस्ता होता. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

सामना सुरू झाला आणि काझ असा खेळला की प्रेक्षक ओरडायचं विसरले. नऊपैकी सहा इनिंग झाल्या, समोरच्या एकालाही चेंडू मारून पहिलं ठाणं गाठता आलं नव्हतं. आता इथे आमच्या खेळातली एक जुनी चाल आहे. पिचरचं असं काही चाललं असेल तर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. बोललं की नशीब फिरतं. बाकावर काझ एका टोकाला एकटा बसला होता आणि बाकीचे दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटीने बसले होते.

पण सातव्या इनिंगमध्ये चेंडू बदलला. बाहेरून कुणाला दिसलं नसतं. तो माझ्या मधोमध बसायचा, तो आता अंगठ्याकडे येऊ लागला. खाली पडायचा तो नुसता वाकू लागला. आवाजही वेगळा, ओल्या कपड्यासारखा. मला कळलं ते माझ्यातून स्टेफनच्या हाताला कळलं. जाळीच्या मुखवट्याआडून त्याने काझचा चेहरा पाहिला. टाकून झाल्यावर काझ दर वेळी डोळे मिटत होता.

इनिंग संपली. स्टेफन सरळ बाकाच्या त्या टोकाला गेला आणि काझच्या शेजारी बसला.

"अरे देवा," डेनी पुटपुटला. "बसला हा."

"कोपर दाखव," स्टेफन म्हणाला.

काझने मान वळवली नाही. "ऊठ इथून."

"कोपर दाखव, लेका. मी काय आंधळा आहे?"

"दोन इनिंग राहिल्यात. तू बोललास ना, आता जे होईल ते तुझ्यामुळे. ऊठ."

स्टेफनने त्याचा हात धरला. कोपर सुजून उंबरासारखं लाल झालं होतं. बोटं पूर्ण मिटत नव्हती. स्टेफन उठून मेरेडिथसाहेबांकडे गेला. हे वेल्श म्हातारे आमचे व्यवस्थापक होते.

"साहेब, त्याला काढा. हात गेलाय त्याचा."

"काढू?" मेरेडिथ म्हणाले. "लोक मला त्याच चुऱ्यात पुरतील. आणि तो म्हणतोय का काढा म्हणून?"

"तो म्हणणार नाही. म्हणून मी म्हणतोय. हा हात गेला तर वसंतात तो कुठे जाणार, तुम्हीच सांगा."

"जागेवर जा, सबोल."

स्टेफन जागेवर गेला. काझही जाऊन उभा राहिला. पंचांनी खेळ सुरू करा म्हटलं. तेव्हा स्टेफनने मला हातातून काढलं, वाकून जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवर, फलंदाजाच्या पायांपाशी ठेवलं आणि सरळ उभा राहिला.

मित्रांनो, मी त्या पाटीच्या इतका जवळ कधी गेलो नव्हतो. तिथून सगळं आभाळ दिसत होतं. पलीकडच्या रुळांवरच्या इंजिनाची वाफ ऐकू येत होती.

"हे काय?" पंच म्हणाले.

"मी याचा चेंडू झेलणार नाही," स्टेफन म्हणाला. "दुसऱ्या कुणाचाही झेलतो."

आमच्याकडे दुसरा कॅचर नव्हता असं नाही. पण काझचा चेंडू झेलायला जाऊन त्याचा एक दात पडला होता, आणि त्या दिवसापासून काझचं नाव निघालं की तो बुटाची नाडी बांधायला वाकायचा. आताही तो वाकला. मेरेडिथसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी काझला बाहेर बोलावलं आणि चेंडू डेनीच्या हाती दिला.

काझ माझ्या बाजूने गेला तेव्हा स्टेफनला एवढंच म्हणाला, "माझ्या दारात येऊ नकोस."

डेनीने जीव तोडून टाकले. पण चेंडू उचलणं वेगळं आणि टाकणं वेगळं. आम्ही हरलो. कुंपणावरून कोळशाचे खडे आले. त्यातला एक मला लागला, त्याची खूण अजून माझ्या कडेवर आहे. आमचं राज्य त्या दिवशी संपलं, आणि गावाच्या लेखी ते स्टेफनने संपवलं. चर्चमध्ये सबोलांच्या बाकावर कुणी बसेना. मार्केत्ती त्याची दाढी करायचा, पण बोलायचा नाही, आणि न बोलणारा न्हावी म्हणजे केवढी शिक्षा ते त्या गावातच राहून कळतं. झुझका एकदा म्हणाली, "एक वाक्य गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"हात बिघडला असता," स्टेफन म्हणाला.

मला त्याने खेळणं सोडल्यावर न्हाणीतल्या खिळ्याला टांगलं. तिथे मला बुरशी आली. उंदराने दोरी कुरतडली. ती वर्षं मी फारशी आठवत नाही.

काझने हिवाळाभर हात गळ्यात बांधून ठेवला. वसंतात तो बोस्टनला गेला. तिथल्या डॉक्टरने कोपर चाचपून सांगितलं, त्या दिवशी आणखी थोडं टाकलं असतंस तर आज तुला चमचा धरता आला नसता. त्यानंतर काझ दहा-अकरा वर्षं मोठ्या मैदानांवर खेळला. गावात रेडिओ लागायचे. त्याचं नाव आलं की स्टेफन उठून अंगणात जायचा आणि बाहेरून ऐकायचा.

तिसऱ्या वर्षी हंगाम संपल्यावर काझ गावात आला. चांगला कोट घालून शनिवारी मार्केत्तीकडे गेला. ही गोष्ट मला हांकाकडून कळली, तिने ती दारातून पाहिली. आरशावर पहिलं नाव त्याचंच होतं. मार्केत्तीने त्याला खुर्ची पुसून दिली. काझ बसला नाही. त्याने साबणाची वडी उचलली, सगळ्यांच्या वर जागा नव्हती म्हणून आरशाच्या लाकडी चौकटीवर लिहिलं, सबोल.

"अरे, त्याला बॅट धड धरता येत नव्हती," मार्केत्ती म्हणाला.

"मग पूस," काझ म्हणाला.

कुणी पुसलं नाही. काझ तिथून आमच्या घरी आला. माफी मागितली नाही, आभारही मानले नाहीत. न्हाणीत जाऊन त्याने मला खिळ्यावरून काढलं, झटकलं, आणि स्टेफनच्या अंगावर फेकलं. "याची काय दशा केली आहेस. चरबी आण."

त्यानंतर दर वर्षी पानं गळायला लागली की तो यायचा आणि घरामागे दोघं खेळायचे. शेवटच्या वर्षी स्टेफनला खोकल्याने उकिडवं बसवेना. खाणीची धूळ त्याच्या छातीत बसली होती. झुझकाने स्वयंपाकघरातली खुर्ची अंगणात आणून ठेवली. तो खुर्चीत बसला, मी त्याच्या हातात. काझचेही केस पिकले होते. त्याने हळूच टाकला.

"हे काय? मी आजारी आहे, मेलो नाही," स्टेफन म्हणाला. "तो टाक."

"खुर्चीवरून झेलणार?"

"टाक म्हटलं ना."

काझने कोट काढला. मग तो चेंडू आला, मित्रांनो. कमरेपर्यंत सरळ, आणि मग खालची फळी काढल्यासारखा. माझं कातडं तडकलेलं, नमदा विरलेला, तरी मी उघडून त्याच्या खाली गेलो, कारण स्टेफनचा हात आधीच तिथे होता. तो आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला असावा. खिडकी उघडली.

"बोट मोडलं का?" काझने विचारलं.

"मोडलं असेल," स्टेफन म्हणाला. "आणखी एक टाक."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं चामडं असेल तर वर्षातून एकदा तरी त्याला तेल लावा. चामडं ओरडत नाही, गुपचूप तडकतं. माणसाच्या हाताचंही तसंच असतं. कुणी दुखणं लपवतो आहे असं दिसलं तर बोलायची चाल नाही म्हणून गप्प बसू नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा. तो रागावला तरी चालेल.

स्टेफन सबोल एकोणीसशे एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत, ईस्टरआधीच्या उपवासांच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी सकाळी, घरीच वारला. काझ नॉर्कस शवपेटीला खांदा द्यायला आला होता. त्याने ती उजव्या, चेंडू टाकायच्या खांद्यावर घेतली.