एडी बहार काढ

गायत्रीच्या सायकलच्या पेडलला इंग्रजीत ‘क्लिपलेस’ म्हणतात. म्हणजे क्लिप नसलेलं. आणि प्रत्यक्षात काय, तर बुटाच्या तळाला बसवलेली पट्टी पेडलमध्ये खट्‌कन अडकते आणि पाय सायकलला जखडला जातो. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा सुरतेत, आमच्या डिंडोलीत आणून उभा करावा असं मला फार वाटतं. आमच्या गल्लीत काडीसारख्या पोराला पैलवान म्हणतात, तसलाच हा प्रकार.

सायकल तिची नव्हतीच म्हणा. हर्षदसरांची होती. हे सर अडाजणला, सुरतेच्या पैसेवाल्या भागात राहतात आणि मुलींना शर्यतीसाठी तयार करतात. शाळेच्या शर्यतीत गायत्रीनं आमच्या घरच्या सायकलवर, जिची घंटी सोडून सगळं वाजतं, बाकीच्या पोरींना असं मागं टाकलं की सर तिच्या मागोमाग थेट आमच्या घरी आले. म्हणाले, हिच्या पायात ताकद आहे. दिवाळीनंतर क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला मी माझ्याकडची एकच मुलगी पाठवणार आहे, मेहनत केली तर ती हीच असेल. तिथं राहणं, खाणं, शिक्षण सगळं होतं. पप्पा कापडाच्या लूमवरून रात्रपाळी करून आलेले, अर्धे झोपेत होते. त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली, झाली परवानगी.

मी नूतन, तिची थोरली बहीण. माझी शाळा दहावीला सुटली आणि तेव्हापासून मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. गोंदाचा वास डोक्यात इतका गेलाय की भाकरीलाही तोच येतो. गायत्री यात पडू नये एवढंच मला वाटायचं. बाकी वसतिगृह कुठं आहे, तिथं काय खायला घालतात, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. ती इथून गेली पाहिजे, बस्स.

तर ती पेडलं. सर पहाटे कॅनॉल रोडला यायचे. चालवताना गायत्री उत्तमच चालवायची, गोम थांबण्यात होती. आपण सगळे थांबताना पाय सरळ उचलून खाली टेकवतो. इथं तसा उचलला तर निघतच नाही. टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, मग पट्टी सुटते. हे डोक्याला कळतं, पायाला कळत नाही. ती थांबायची, पाय उचलायला बघायची, आणि उभीच्या उभी, सावकाश, सायकलसकट आडवी व्हायची. धावताना पडलेल्याला निदान लोक उचलायला येतात. उभं राहून पडणाऱ्याकडे बघून लोक आधी हसतात.

टाचेला गुजरातीत एडी म्हणतात. सर मागून ओरडायचे, “एडी! एडी बहार काढ!” रोज तेच. हळूहळू तिच्या पायाला ते कळायला लागलं. सरांची हाक आली की टाच आपोआप वळायची. ढोपरं सोललेली, कोपर सुजलेलं, पण घरी येऊन म्हणायची, “ताई, आज एकदाच पडली मी.” तिचा तो चेहरा बघून माझाही दिवस बरा जायचा.

आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं. शोभाबाई लग्न होऊन खानदेशातल्या शिरपूरकडून डिंडोलीत आली, पण खरं म्हणजे ती शिरपूरहून निघालीच नाही. भाजीवाला चोपड्याचा, गिरणीवाला अमळनेरचा, शेजारीण साक्रीची. गुजराती शिकायची तिला कधी गरजच पडली नाही. सुरतेत राहून सुरतेची भाषा न येणारी माणसं बघायची असतील तर आमच्या गल्लीत या, चहा पाजू.

गायत्रीचं सुजलेलं कोपर बघून एक दिवस आई हट्टाला पेटली. मास्तर पोरीला काय शिकवतोय ते बघायचंच. मी सोबत गेले. त्या दिवशी नेमक्या अडाजणच्या पोरीही सरांबरोबर आल्या होत्या, चकचकीत हेल्मेटं घालून. आम्ही रस्त्याच्या कडेला पोचलो आणि समोरून गायत्री आली. थांबायची वेळ झाली तशी सर तिच्या मागून जिवाच्या आकांतानं ओरडले, “एडी! एडी! बहार काढ!”

पेशव्यांच्या काळात ध चा मा झाला म्हणतात. आमच्याकडे ए चा ये झाला. आईला ऐकू आलं, येडी, येडी, हिला बाहेर काढ. मी “आई, थांब” म्हणेपर्यंत तिनं पदर खोचलेला होता. वयात आलेल्या पोरीला चारचौघात येडी म्हटलं की सोयरीक मोडते, हे आमच्याकडच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. ती जी सुटली ती थेट सायकलपुढे. तिनं हँडल धरलं, गायत्रीची टाच वळता वळता राहिली, आणि दोघी मिळून रस्त्यावर आडव्या.

आई उठली ती अहिराणीत बोलतच उठली. “मन्ही पोरले येडी म्हणस? तुन्ही पोर व्हती तर म्हणता का? कसाले बाहेर काढस तिले, काय करं तिनं?”

“बेन, क्या हुआ? मैंने क्या बोला?” सरांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांना एक शब्द कळत नव्हता.

मी आईला ओढत होते, सांगत होते की एडी म्हणजे टाच. पण तिच्या कानात तो शब्द शिरून बसला होता. “मन्हा कानघाई आयकं ना मी!” म्हणाली, स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणे. रस्त्यावरचे दूधवाले थांबले. सर चिडायला लागले. आता हे सायकल घेऊन जातील आणि सगळं संपेल, असं मला वाटलं, आणि गायत्रीलाही वाटलं असणार. कारण ती रस्त्यावर बसल्या बसल्या, एक पाय अजून पेडलमध्ये अडकलेला, घाईघाईनं म्हणाली, “सर, मम्मी को लगा आप मुझे पागल बोल रहे हो. हमारे में येडी मतलब पागल.”

भांडण तिथंच मिटलं. सर हसले, त्यांनी आईला हात जोडले. अडाजणच्या पोरीही हसल्या. त्यातली ध्रुवी नावाची एक, गायत्रीच्या खालोखाल चालवणारी, ती शब्द तोंडात घोळवून बघत होती, येडी, येडी, नवीन गोळी चघळावी तसा. मला तेव्हाच तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. द्यायला हवी होती, म्हणजे मलाही बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून गायत्रीचं नाव गेलं. सर “एडी” म्हणून ओरडले की मागून पोरी एका सुरात “येडी!” म्हणायच्या. पाणी पिताना येडी, टायरात हवा भरताना येडी. सरांनी त्यांना दटावलं. मग त्या सरांच्या पाठीमागे म्हणायला लागल्या. सरांनी स्वतः शब्द बदलून पाहिला, “पग, पग” म्हणजे पाय, पाय म्हणून ओरडून पाहिलं, पण वेळ आली की माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं. आणि कुणाला काय म्हणायचं? दोष शब्दाचा नव्हता, सरांचा नव्हता, आईचाही नव्हता. ती आपल्या लेकीसाठी भांडली होती. मला राग धरायला कुणी सापडत नव्हतं, याचाच मला जास्त राग यायचा.

गायत्री घरी काही सांगायची नाही. मला कळलं ते एकदा पाणी द्यायला गेले तेव्हा. मी म्हटलं, “तूही दोन शिव्या घाल ना त्यांना.” ती म्हणाली, “मग म्हणतील, बघा, खरंच येडी आहे.” तिची टाच मात्र पुन्हा अडखळायला लागली होती. हाक आली की वळायच्या ऐवजी पाय ताठ व्हायचा.

निवडीआधी सरांनी आपल्या सगळ्या मुलींची परीक्षा घेतली, इच्छापोरकडच्या रस्त्यावर, रविवारी, कारखाने बंद असतात म्हणून. मी गेले होते. गायत्री अशी सुटली की मला रडूच आलं. ध्रुवी तिच्या पुष्कळ मागं होती. आता फक्त सरळ रस्ता उरला होता, शेवटाला सर उभे, आधीच बाद झालेल्या बाकीच्या पोरी उभ्या, आणि मी. मी मनातल्या मनात तिची बॅग भरायला घेतली होती.

तेवढ्यात एका बंद कारखान्याच्या फाटकातून टेम्पो मागे मागे येत रस्त्यात शिरला. गायत्रीनं ब्रेक दाबले. जागा होती, वेळही होता. नुसता पाय टेकवून टेम्पो जाऊ द्यायचा होता, पुन्हा निघाली असती तरी पहिलीच आली असती. सर जीव तोडून ओरडले, “एडी! एडी बहार काढ!” आणि माझ्या शेजारून सगळ्या पोरी हसत ओरडल्या, “येडी!”

तिनं आमच्याकडे पाहिलं. इतक्या लांबून मला तिचे डोळे दिसले असं मी म्हणणार नाही, पण मान वळलेली दिसली. सायकल थांबली, ती क्षणभर तशीच तोल धरून राहिली, टाच हलली नाही, आणि ती सावकाश खांद्यावर पडली. ध्रुवी तिच्या बाजूनं, टेम्पोला वळसा घालून निघून गेली.

खांद्याजवळचं हाड मोडलं. सर दवाखान्यात आले, वाईट वाटलेल्या माणसासारखे बसले आणि निघताना सायकल घेऊन गेले. निवडीला ध्रुवी जाणार हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. घरी आल्या आल्या मी गायत्रीला विचारलं, “येत होतं ना तुला? मग टाच का नाही वळवलीस?”

ती म्हणाली, “त्या हाकेला वळवली असती, तर मी येडी झाली असती ना.”

संध्याकाळी शेजारच्या बायका बघायला आल्या. पाय बांधून कुणी सायकल चालवतं का, असं त्यांचं सुरू झालं. कुणी चहा मागितला, कुणी साडीचे खडे बाजूला सारून बसायला जागा केली. आई गायत्रीच्या उशाशी बसून वरणभात कालवत होती. घास पुढे करून ती दर वेळी नाव घेऊन सांगायची, गायत्री, आ कर. गायत्री तोंड उघडत नव्हती, भिंतीकडे बघत होती. बायकांसमोर आईचे डोळे भरून आले. लेकीच्या केसांवरून हात फिरवत, सगळी माया आवाजात आणून ती म्हणाली, “येडी शे मन्ही पोर. येडी, ये येडी, जेवी ले ना माय.”

गायत्रीनं मान वळवली, “हां” म्हणाली आणि तोंड उघडलं.