सतरा अंश

प्रतिभाने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यासारख्या औषधात पांढरे बारीक कण तरंगत होते. तिने बाटली आडवी केली. कण सावकाश दुसऱ्या टोकाला गेले, विरघळले नाहीत.

"भाऊजी, या कुठे ठेवल्या होत्या?"

"चेंबरमध्ये," तिचा दीर भूपेंद्र म्हणाला. "घरच्या फ्रिजचा काय भरवसा? लाईट गेली की पाणी पाणी. चेंबरला जनरेटर आहे."

"केळी पिकवायच्या चेंबरमध्ये?"

"सतरावर असते वहिनी, एकदम थंडा. गाडीभर माल ठेवतो, एक केळ खराब होत नाही."

"केळी पिकायलाच ठेवता ना? हे प्रथिन आहे. आठ अंशांच्या वर नासतं."

"मग मी काय मुद्दाम केलं? तुम्ही तर मास्तरीणच लागून गेल्या."

कॉटवर तिचा नवरा लीलाधर एक बाही वर सारून बसला होता. पेपर मिलमधली नोकरी पाय लटपटू लागले तेव्हाच सुटली. त्याचंच शरीर त्याच्या मज्जातंतूंवरचं वेष्टन कुरतडत होतं. ते वेष्टन ग्लिया पेशी विणतात आणि त्या पेशींना जागं करणारे ग्रोथ फॅक्टर असतात, हे प्रतिभानेच एकदा जेवताना सांगितलं होतं. उंदरांमध्ये वेष्टन पुन्हा चढलं, माणसांत अजून सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं होतं. घराने पहिलं तेवढं ऐकलं. भूपेंद्रने कुठल्याशा क्लिनिकमधून त्याच फॅक्टरच्या बाटल्या आणल्या, आणि सुई टोचायचं काम तिच्याकडे आलं. इंदूरच्या डॉक्टरांनी व्हीलचेअर घ्या म्हणून कधीच सांगितलं होतं. घरात तो शब्द कोणी काढत नव्हतं.

"दे ना वं," दारातून सासूबाई मनकर्णा म्हणाल्या. "थोडं नासलं तरी थोडं तर लागंल. कालच पाय हलला त्याचा."

"तो झटका होता, आई."

"तुला तर तो चालायलाच नको."

प्रतिभाने सुईवर टोपण बसवलं. भूपेंद्र मोबाईलकडे पाहू लागला.

लीलाधरने बाही खाली ओढली. मनगटाचं बटण त्याला लागेना. प्रतिभा पुढे झाली तसा त्याने हात मागे घेतला आणि ते तसंच सोडून दिलं.

"भूपेंद्र, गवंड्याला बोलव," तो म्हणाला. "न्हाणीचं दार रुंद करून घेऊ. व्हीलचेअर आत जायला पाहिजे."