माझ्यावरच्या भाकरी

मी मेज बोलतोय. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बायबलमधल्या निवासमंडपाचं, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूचं, प्रदर्शन मांडलंय ना, तिथे आत शिरताच उजव्या हाताला उभा असतो तो मी. समोर दीपवृक्ष, पुढे धूपवेदी आणि बाहेर अंगणात हातपाय धुवायचं पितळी गंगाळ. तुम्ही आलात तर म्हणाल, मेज काय सोन्यासारखं चकाकतंय. पण हल्ली कुणी माझ्याकडे कौतुकानं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला घडवलं चर्चच्या मंडळीतल्याच एका सुताराने. शास्त्रात माझी मापं हातांत दिली आहेत: दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच. आता हात कुणाचा धरायचा, यावरून कमिटीत चांगलीच जुंपली. पाळकांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, हात आखूड, खजिनदारांचा लांबलचक. शेवटी सुताराची आई वैतागून म्हणाली, "अहो, ज्याला घाम गाळायचाय त्याचाच हात धरा की." मग सुताराने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वतःचा हात बाभळीच्या फळीवर ठेवून मापं घेतली. मजुरी विचारली तर "देवाच्या घरचं काम आहे" म्हणून त्याने विषयच संपवला. अंगावर सोनेरी रंग चढला, तेव्हा चारही पाय जमिनीवर असून मी हवेत होतो.

माहिती सांगायला एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते छडीचं टोक माझ्यावर टेकवून सांगायचे, "आतलं लाकूड म्हणजे प्रभू येशूचं माणूसपण आणि वरचं सोनं म्हणजे त्याचं देवपण. समोरचा दीपवृक्ष म्हणजे जगाचा प्रकाश, तोही तोच. आणि या बारा भाकरी? जीवनाची भाकर. त्याच्या दारी आलेला माणूस उपाशी परत जात नाही." ऐकताना बायामाणसांचे डोळे भरून यायचे. भाकरी मात्र प्लास्टरच्या होत्या. खऱ्या ठेवल्या तर मुंग्या लागतात, असं सेक्रेटरीबाईंचं म्हणणं. मलाही त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, उलट हलक्या भाकरी म्हणून बरंच वाटलं.

मग एका घराचं छप्पर बसवताना सुतार खाली पडला. पाठ धरली, तो अंथरुणाला खिळला आणि काम बंद झालं. घरात मायलेक दोघंच. त्याची आई मंडळीकडे मदत मागायला आली. ते सगळं बोलणं माझ्याशेजारीच झालं. सेक्रेटरीबाई काही वाईट नाहीत, दुसऱ्याच्या दुखण्याला धावून जाणाऱ्या आहेत. पण बिशप प्रदर्शन बघायला यायचे होते आणि बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "आजी, एवढं एकदा आटपू दे," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेलाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही.

बिशप येणार त्या दिवशी बाईंनी बेकरीतून खऱ्या भाकरी मागवल्या. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगाला भाकरीची ऊब लागली. तेवढ्यात आजी पुन्हा आल्या. "आत बसा जरा, आलेच," असं म्हणून बाई फाटकाकडे पळाल्या. आजी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी एका भाकरीची कड मोडून तोंडात टाकली आणि तीच भाकरी पिशवीत ठेवली. तिच्यासोबत आणखी एक.

बाई परतल्या, त्यांच्या मागे मास्तर आणि चार पाहुणे. बाईंनी भाकरी मोजल्या. "आजी, पिशवीत काय आहे? बारा लागतात हो, बिशप फाटकात आलेत."

आजींनी दोन्ही भाकरी काढून माझ्यावर ठेवल्या. "पोरगा सकाळपासून नुसत्या चहावर आहे. म्हटलं, आज खऱ्या आहेत तर कुणीतरी खाणारच."

"मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या का?"

"मागतेच आहे ना बाई, महिनाभर."

बाईंचा चेहरा पडला, पण बाहेर गाडीचं दार वाजलं होतं. त्यांनी मोडलेल्या भाकरीची बाजू घाईघाईने भिंतीकडे फिरवली. मास्तर छडी घेऊन उभे होते. आजी पाहुण्यांच्या मधून वाट काढत निघून गेल्या.

बिशप आले, भले माणूस. त्यांनी सहज विचारलं, "त्या काळी या भाकरींचं पुढे काय करायचे हो?"

"आठवडा झाला की तिथले पुजारी, म्हणजे याजक, खायचे," मास्तर म्हणाले. "आणि एकदा पुढे राजा झालेला दावीद आणि त्याची माणसं उपाशी होती, तेव्हा याजकाने हीच भाकर त्यांना दिली. पुढे प्रभूनेही..." प्रभूने भुकेल्यांचीच बाजू घेतली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं.

"फार छान समजावलंत," बिशप म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले.

त्या भाकरी कुणी खाल्ल्या नाहीत. वाळून त्या इतक्या सुबक दिसायला लागल्या की बाईंनी त्यांना वार्निश लावून घेतलं. आता मुंग्यांचीही कटकट नाही.

सुतार काठी टेकत चालायला लागला, तेव्हा परगावच्या मामाने त्याला आपल्या कारखान्यात बसून करायचं काम दिलं. इथली मदत आलीच नाही. जाण्याआधी तो मला बघायला आला, तेव्हा मास्तर तिथेच होते. माझा एक पाय डुगडुगत होता. तो कण्हत खाली बसला, पाचर ठोकली, पाय घट्ट केला. उठताना त्याची नजर भिंतीच्या बाजूने त्या मोडलेल्या भाकरीवर गेली.

"मास्तर, ही कुणी खाल्ली?"

आईने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मास्तरांनी छडी या हातातून त्या हातात घेतली.

"उंदीर असेल," ते म्हणाले.

सुतार हसला. "देवाच्या घरी राहून उपाशी बिचारा."

तो गेला. मास्तर आजही माहिती सांगतात. माझ्याजवळ आले की लांबी, रुंदी, उंची सांगतात आणि धूपवेदीकडे वळतात. मी त्यांना काय बोल लावणार? जिने भूक लागली म्हणून हात पुढे केला, तिच्या पोराच्या हाताच्या मापाचा मी आहे, आणि तिला दोन भाकरी मिळाल्या नाहीत.

तुमच्याकडेही असं एखादं मेज असेल. त्याचा अर्थ सांगा, जरूर सांगा. पण त्यावर भाकर ठेवाल ती खाता येईल अशी ठेवा, आणि कमी झाली तर मोजू नका.